सरकारी महामंडळाकडे काय मागावं आणि कसं मागावं

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत, माझा ॲल्युमिनियम ओतकामाचा लहान कारखाना आहे. वीज सबस्टेशनला लागणारे क्लॅम्प आणि कनेक्टर आम्ही करतो. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतली आपली मराठी मुलं-मुली आता नोकरी सोडून स्वतःचं काही सुरू करतायत, आणि भेटली की बहुतेक जण एकच विचारतात: "ताई, सरकारकडून काय काय मिळतं?" असं विचारून हाती काही लागत नाही. तुमचं अडलंय कुठे ते आधी ठरवा. ऑर्डर मिळत नाही? कच्चा माल घ्यायला पैसे नाहीत? बँक तारण मागते? की माल गेला आणि पैसे येत नाहीत? सरकारच्या एकेका महामंडळाकडे यातली ठरावीकच कामं आहेत. चुकीच्या दारात उभं राहिलात तर तिथला माणूस कितीही भला असला तरी तुमच्यासाठी काही करू शकत नाही. आणि योग्य दारातही कागद आधी लागतात, अडचण नंतर सांगायची असते.

जागेबद्दल थोडक्यात. गुजरात औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली जीआयडीसी, 1962 सालची. ती जमीन विकत नाही, दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देते. त्यामुळे जुन्या मालकाकडून शेड घेताना त्याच्याशी व्यवहार ठरला म्हणजे काम झालं असं नाही. हस्तांतराला महामंडळाची मंजुरी लागते आणि हस्तांतर शुल्क पडतं. मागची थकबाकी आहे का, बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे आहे का, हे बयाणा देण्याआधी बघा.

पहिला कागद

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून केंद्र सरकारकडे केलेली नोंद. 1 जुलै 2020 पासून ही पद्धत आहे. आधार, पॅन आणि जीएसटी क्रमांक हाताशी असले की घरबसल्या होते, पैसे लागत नाहीत आणि एकही कागद अपलोड करावा लागत नाही. तुमच्याकडे कोणी यासाठी फी मागत असेल तर सरळ नाही म्हणा. 1 एप्रिल 2025 पासून मर्यादा वाढल्या आहेत: यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि 10 कोटींपर्यंत उलाढाल असेल तर सूक्ष्म, 25 कोटी आणि 100 कोटींपर्यंत लघु.

नोंदणी करताना "उत्पादन" निवडताय की "व्यापार", इकडे नीट लक्ष द्या. व्यापाऱ्यांनाही उद्यम क्रमांक मिळतो, पण त्याचा उपयोग बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता. सरकारी खरेदीतली सवलत आणि थकलेल्या पैशांवरचं संरक्षण त्यांना लागू नाही. आणि पहिला माल बाहेर जाण्याआधी नोंदणी झालेली हवी. पैसे अडकल्यावर नोंदणी करून जुन्या बिलांवर हक्क सांगता येत नाही. हा क्रमांक बिलावर, डिलिव्हरी चलनावर, कोटेशनवर, लेटरहेडवर छापून टाका. खरेदीदाराच्या अकाउंट्स विभागाला तो पहिल्या दिवसापासून दिसला पाहिजे.

ऑर्डर मिळत नसेल तर: एनएसआयसी

राष्ट्रीय लघुउद्योग निगम, म्हणजे एनएसआयसी, 1955 साली स्थापन झालं. केंद्राच्या सूक्ष्म-लघु उद्योग मंत्रालयाखाली ते येतं. जुने कारखानदार सांगतात की एके काळी हप्त्यावर यंत्रं मिळायची ती एनएसआयसीकडूनच. आज आपल्यासारख्यांना तिचा मोठा उपयोग आहे तो सिंगल पॉइंट रजिस्ट्रेशनचा, म्हणजे केंद्राच्या निविदांसाठी एकाच ठिकाणी करायच्या नोंदणीचा.

त्यामागचा कायदेशीर आधार आधी समजून घ्या, कारण निविदा उघडते त्या टेबलावर तोच कामाला येतो. 2012 च्या सार्वजनिक खरेदी धोरणाप्रमाणे केंद्र सरकारची खाती आणि केंद्राच्या कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीतला ठरलेला वाटा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा आहे. आधी तो 20 टक्के होता, 2018 मध्ये 25 टक्के झाला. त्यात 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आणि 3 टक्के महिलांसाठी. शिवाय 358 वस्तू अशा आहेत की त्या फक्त आपल्यासारख्यांकडूनच घ्यायच्या. आपली वस्तू त्या यादीत आहे का, एवढं आजच बघा.

सवलत मिळते ती अशी. निविदेचा संच फुकट, बयाणा रक्कम माफ. आणि सगळ्यात मोलाची ती 15 टक्क्यांची सवलत. समजा एखाद्या मोठ्या कंपनीने सर्वांत कमी, नगाला 100 रुपये दर भरला आणि तुम्ही 113 भरला. तुम्ही 15 टक्क्यांच्या आत आहात, म्हणून तुम्हाला विचारलं जातं: 100 ला द्याल का? हो म्हटलंत तर किमान 25 टक्के माल तुमच्याकडून घ्यावा लागतो. इथे घाई करू नका. 113 भरताना 100 चा हिशोब आधीच करून ठेवलेला हवा. इंगटचा (धातूच्या लाद्यांचा) भाव, भट्टीचा गॅस, मशिनिंग, गॅल्व्हनाइज्ड बोल्ट, चाचणी, वाहतूक, सगळं धरून 100 ला नगामागे चार रुपयेही सुटत नसतील तर ती संधी सोडून द्या. दुसरे रिकाम्या हाताने परत जातायत म्हणून आपण तोट्याची ऑर्डर उचलायची नाही.

बयाणा माफ असला तरी ऑर्डर मिळाल्यावरची परफॉर्मन्स सिक्युरिटी, म्हणजे काम नीट पुरं करण्यासाठीची अनामत, माफ नाही. निविदेत लिहिलेली टक्केवारी भरावीच लागते, रोख किंवा बँक गॅरंटीने. हे माहीत नसल्यामुळे ऑर्डर हातात आल्यावर धावाधाव करणारे कितीतरी पाहिलेत.

आता कोणी म्हणेल, बयाणा तर नुसत्या उद्यम क्रमांकावरही माफ होतो, मग एनएसआयसी कशाला? प्रश्न बरोबर आहे, आणि लहान निविदांना खरंच उद्यमवर भागतं. पण उद्यम म्हणजे तुम्ही स्वतःबद्दल केलेलं निवेदन. एनएसआयसीच्या प्रमाणपत्रामागे कोणीतरी प्रत्यक्ष कारखान्यात येऊन केलेली तपासणी असते. त्यावर वस्तूंची यादी आणि किती रकमेपर्यंतचं काम तुम्ही पेलू शकता ती मर्यादा लिहिलेली असते. नव्या, नाव नसलेल्या कारखान्यासाठी त्या कागदाला वजन आहे. उत्पादन सुरू होऊन एक वर्ष झालेलं नसेल तर तात्पुरती नोंदणी मिळते, 5 लाखांच्या मर्यादेची.

तपासणीच्या दिवसासाठी तयारी अशी करा. यंत्रांची यादी, प्रत्येकाची क्षमता, आणि त्याच्याशी जुळणारं वीजबिल. यादीत सहा यंत्रं आणि मंजूर वीजभार दोन यंत्रांचा, असं असेल तर पुढचं काहीच पटत नाही. व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज यांची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रं चालू तारखेची. कच्च्या मालाची टेस्ट सर्टिफिकेटं फाइलला लावलेली. आमच्या धंद्यात एलएम-6 मिश्रधातू वापरतो असं म्हणायचं तर हीट नंबरसकट (त्या ओतीच्या क्रमांकासकट) त्याचा रासायनिक अहवाल दाखवता आला पाहिजे, आणि कनेक्टर आयएस 5561 या भारतीय मानकाप्रमाणे तपासले असतील तर त्याचा अहवाल. बडोद्याचं एक भाग्य म्हणजे वीज उपकरणं तपासणाऱ्या इर्डाची प्रयोगशाळा इथे मकरपुऱ्यातच आहे. बाहेरगावचे लोक ट्रकने नमुने पाठवतात, आपण रिक्षाने नेतो. टाइप टेस्टचा, म्हणजे त्या प्रकारच्या मालाच्या नमुन्यावरच्या पूर्ण चाचणीचा, खर्च मोठा वाटतो, पण तो एकदा करून ठेवलेला अहवाल पुढे निविदेमागून निविदेला लागतो.

आणि वस्तूचं नाव. अर्जात वस्तूचं नाव तेच लिहा जे निविदेत येतं. शेजारच्या शेडमधल्या एका ओळखीच्यांच्या प्रमाणपत्रावर "ॲल्युमिनियम कास्टिंग" एवढंच होतं. निविदा निघाली "क्लॅम्प अँड कनेक्टर" या नावाने, आणि सवलत नाकारली गेली. माल तोच, भट्टी तीच. म्हणून आधी आपल्या गिऱ्हाइकांच्या जुन्या निविदा वाचा, त्यातली नावं उतरवून घ्या, टी-क्लॅम्प, पॅड क्लॅम्प, बस-पोस्ट क्लॅम्प अशी सुटी सुटी लिहा.

बडोद्यात राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. हे धोरण केंद्राच्या कंपन्यांवर बंधनकारक आहे. कोयलीची इंडियन ऑइलची रिफायनरी, ओएनजीसी, पॉवर ग्रिड, एनटीपीसी या त्यात आल्या. पण रेसकोर्सवरच्या विद्युत भवनातली जेटको ही गुजरात सरकारची वीज वाहून नेणारी कंपनी. तिला राज्याचं खरेदी धोरण लागू, त्याच्या अटी वेगळ्या. एकाच गावात दोन्ही प्रकारची गिऱ्हाइकं असल्यामुळे आपली माणसं एकीचा नियम दुसरीला सांगत बसतात. निविदेत कोणत्या धोरणाचा उल्लेख आहे ते वाचायचं, आणि मगच सवलत मागायची.

जेम पोर्टल, म्हणजे सरकारी खरेदीचा ऑनलाइन बाजार, त्याबद्दल फार लिहीत नाही. 2016 मध्ये सुरू झालं, चालवणारी कंपनी पूर्ण सरकारी मालकीची आहे. केंद्राची नेहमीची खरेदी आता तिथूनच होते, तेव्हा तिथे असायलाच हवं. माल स्वीकारल्याचं प्रमाणपत्र खरेदीदाराने काढलं की 10 दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे. म्हणून माल पोचला एवढ्यावर थांबू नका, ते प्रमाणपत्र निघेपर्यंत पाठपुरावा करा. आणि तिथे प्राधान्य हवं असेल तर तुम्ही त्या वस्तूचे उत्पादक असल्याचं दिसलं पाहिजे.

कच्चा माल आणि कर्ज

एनएसआयसीचीच कच्च्या मालासाठीची योजना आहे. ती पुरवठादाराला थेट पैसे देते, तुम्ही ठरलेल्या मुदतीत व्याजासह परत करता. ॲल्युमिनियमवाल्यांना, पोलादवाल्यांना हे आकर्षक वाटतं, कारण मोठ्या उत्पादकाकडून रोखीच्या भावात माल मिळतो. पण त्यासाठी तुमच्या बँकेची गॅरंटी द्यावी लागते. गॅरंटीवर बँक मार्जिन अडकवते, कमिशन घेते आणि तेवढी तुमची बँकेतली कर्जमर्यादा खाल्ली जाते. माझं स्पष्ट मत: महिन्याला टनांनी माल लागत असेल आणि बँकेत मर्यादा शिल्लक असेल तरच या वाटेला जा. नाहीतर कॅश क्रेडिटवर, म्हणजे बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जावर, घेतलेला माल स्वस्त पडतो. कागद-पेन घेऊन दोन्ही हिशोब मांडा, आकडेच सांगतील.

बँक तारण मागते हे रडगाणं सगळीकडे ऐकते. त्यावरचा उपाय 2000 सालापासून आहे. केंद्र सरकार आणि सिडबी (लघुउद्योग विकास बँक) यांनी मिळून सीजीटीएमएसई हा हमी ट्रस्ट स्थापन केला. तारणाशिवाय दिलेल्या कर्जाची हमी हा ट्रस्ट बँकेला देतो. त्याची मर्यादा 1 एप्रिल 2025 पासून 10 कोटी आहे. तुम्ही ट्रस्टकडे जायचं नाही, अर्ज बँक करते. तुम्ही बँकेत एवढंच म्हणायचं, तेही लेखी, की माझा प्रस्ताव सीजीटीएमएसईखाली घ्या. त्याचं वार्षिक शुल्क तुमच्याकडून घेतलं जातं, महिलांना त्यात सवलत आहे. ही हमी बँकेसाठी आहे, हे विसरू नका. कर्ज थकलं तर ट्रस्ट बँकेला पैसे देतो, पण तुमच्यावरची वसुली संपत नाही.

सिडबी 2 एप्रिल 1990 पासून आहे, मुख्य कचेरी लखनौला. ती स्वतःही कर्ज देते, मुख्यतः यंत्रांसाठी. दोन-तीन वर्षांचे ताळेबंद नफ्याचे आणि नवं यंत्र घ्यायचंय, अशा वेळी नेहमीच्या बँकेबरोबर सिडबीचंही कोटेशन जरूर घ्या. अगदी नव्या धंद्याने मात्र आधी आपल्या बँकेकडे जावं.

आपल्या गावाला हे नवं नाही. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं ते हाताला कसब यावं म्हणून आणि 1908 मध्ये बँक ऑफ बडोदा काढली ती त्या कसबाला भांडवल मिळावं म्हणून. धंद्यामागे राज्याने उभं राहावं हा विचार या मातीत मुरलेला आहे. म्हणून महामंडळाच्या पायऱ्या चढताना कोणी संकोच करतं तेव्हा मला वाईट वाटतं. आपण उपकार मागत नसतो. हे पैसे आणि ही माणसं आपल्यासाठीच ठेवलेली आहेत.

माल गेला, पैसे अडकले

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तरी 45 दिवसांपलीकडे सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे थांबवता येत नाहीत. करार नसेल तर 15 दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार सूक्ष्म-लघु उद्योग मंत्रालयाच्या पोर्टलवर करायची, ती राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाते.

माझं एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे बराच काळ बिल अडलं होतं. तक्रारीचा कागद तयार होता, पण आधी त्यांच्या अकाउंट्सला एक शांत पत्र पाठवलं. त्यात उद्यम क्रमांक, बिलांच्या तारखा आणि 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 43 बी (एच) एवढंच होतं. 2023-24 या आर्थिक वर्षापासून, मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी धरता येते. मार्च जवळ आला होता. पैसे आले. तक्रार करण्याआधी हे पत्र नक्की पाठवून बघा, संबंधही टिकतात.

गिऱ्हाईक मोठी कंपनी असेल तर ट्रेड्सवर, म्हणजे बिलांवर बँकांकडून आधीच पैसे मिळवायच्या ऑनलाइन व्यवस्थेत, बिल टाका. आरएक्सआयएल हा त्यातला पहिला मंच, सिडबी आणि नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने मिळून उभारलेला. खरेदीदाराने तिथे बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि पैसे लगेच खात्यात. पुढे खरेदीदाराने बुडवले तरी बँक तुमच्याकडे येत नाही.

परदेशी माल पाठवणार असाल तर ईसीजीसी

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून सावकाश सांगते. 1957 साली निर्यातीची जोखीम उतरवायला सरकारने जे महामंडळ काढलं, तेच आजचं ईसीजीसी. मुख्यालय मुंबईला. खरेदीदार दिवाळखोर झाला, मुदत संपूनही पैसे देईना, किंवा त्याच्या देशात युद्ध पेटलं, परकीय चलन बाहेर पाठवायला बंदी आली, अशा वेळी नुकसानीतला मोठा हिस्सा ते भरून देतं. लहान निर्यातदारांसाठी वेगळी, जास्त भरपाईची पॉलिसी आहे.

पहिला गैरसमज: "माझी बँक ईसीजीसीचा प्रीमियम कापते, म्हणजे माझा विमा आहे." नाही. तुम्हाला दिलेल्या निर्यात कर्जासाठी बँक स्वतःचं संरक्षण घेते. पैसे बुडाले तर भरपाई बँकेला मिळते आणि कर्ज तुमच्या डोक्यावर राहतं. तुमची पॉलिसी तुम्ही वेगळी घ्यायची असते. आजच बँकेचं स्टेटमेंट काढा आणि ती कपात कशाची ते विचारा.

दुसरा: मालाबद्दल वाद झाला तरी पैसे मिळतील. मिळत नाहीत. खरेदीदाराने "माल खराब आहे" म्हटलं तर त्याच्या देशातल्या न्यायालयात तुमच्या बाजूने निकाल लागेपर्यंत दावा पुढे सरकत नाही. त्यावर एकच इलाज, माल निघण्याआधी त्रयस्थ तपासणी आणि खरेदीदाराची सही असलेलं ड्रॉइंग. चलनाचा भाव खाली-वर झाल्याचं नुकसानही यात येत नाही.

पॉलिसी घेतल्यावर प्रत्येक खरेदीदारासाठी पतमर्यादा (किती उधारीपर्यंत विमा लागू होईल ती मर्यादा) मागायची, तीही माल जहाजावर चढण्याआधी. ईसीजीसी त्या खरेदीदाराची चौकशी करतं. माझ्या मते प्रीमियमचा अर्धा मोबदला इथेच वसूल होतो. पूर्व आफ्रिकेतून आमच्याकडे एक मोठी चौकशी आली होती, ई-मेल सुंदर, दर न विचारता मान्य. मर्यादा मागितली ती फार कमी मंजूर झाली. आम्ही त्याला सांगितलं, तेवढाच माल उधारीवर, बाकी आगाऊ पैशांवर. त्यानंतर त्याचं उत्तर आलं नाही.

देशांची वर्गवारी ए-1 पासून डी पर्यंत आहे, प्रीमियम त्यावर आणि उधारीच्या मुदतीवर ठरतो. नेहमीच्या पॉलिसीत भीती वाटते तेवढीच खेप जाहीर करायची आणि जुन्या विश्वासू गिऱ्हाइकाची वगळायची, असं चालत नाही. सगळ्या खेपा जाहीर कराव्या लागतात. हे काम अकाउंटंटवर सोपवलंत तरी दर महिन्याला स्वतः डोळ्यांखालून घाला. खेप जाहीर करायची राहिली तर पुढे दाव्याच्या वेळी तीच पहिली काढली जाते.

आणि खरेदीदाराचा फोन आला, "बेन, अजून दोन महिने द्या", तर तिथल्या तिथे हो म्हणायचं नाही. मुदत वाढवायची असेल तर आधी ईसीजीसीची परवानगी, मग खरेदीदाराला उत्तर. माल दुसऱ्याला विकायचा असेल किंवा परत आणायचा असेल तेव्हाही तसंच. पैसे थकल्याची खबर ठरलेल्या वेळेत द्या, खरेदीदाराशी झालेला सगळा पत्रव्यवहार तारखेप्रमाणे लावून ठेवा. व्हॉट्सॲपवर बोलणं झालं असेल तर त्याच दिवशी त्याचा सारांश ई-मेलने खरेदीदाराला पाठवून त्याचं "हो" लेखी घ्या.